नारिंगी ठिपके : महाळुंगे पडवळ ते पिंपळवंडी, व्हाया स्वीडन

महाळुंगे पडवळहून पिंपळवंडीला जायचं असेल तर कळंबला हायवेवर यायचं, नाशिककडं तोंड करायचं आणि नारायणगाव ओलांडलं की उतरायचं. गाडीवर गेलात तर घरून निघताना तोंडात टाकलेली बडीशेप पुरते. मी चालत गेलो. तेही सरळ नाही. घोडेगाव, डिंभे, जुन्नर, नारायणगाव, बोरी असा दोन तालुक्यांना वळसा घालून. डोक्यामागून हात नेऊन नाक धरायचं म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. तुम्हाला अशी ट्रिप करायची असेल तर आधी कारण वाचा, मग बूट घ्या.

कारणाचं नाव ऋतुजा. ती पिंपळवंडीची, सध्या स्वीडनमध्ये एम.एस्सी. करते. मी मेकॅनिकल करत होतो. तिसऱ्या वर्षाला एका सरांनी सगळ्या वर्गासमोर माझी जर्नल भिरकावली. मी ती उचलून त्यांच्याकडं परत भिरकावली. नेम बरा लागला. तेव्हापासून मी घरी आहे.

एका संध्याकाळी तिचा फोन आला. मैत्रिणींबरोबर ती तिथली एक लांबलचक पायवाट चालणार होती. जंगलातून, शेतांमधून, पाठीवर तंबू घेऊन. मी म्हटलं, ते असू दे, तुझ्या घरी स्थळं यायला लागलीत, तू पप्पांना आपलं सांगणार कधी?

"काय सांगू?" ती म्हणाली. "कॉलेज अर्ध्यात सोडलं, जिम अर्ध्यात सोडली, पोल्ट्री टाकली ती पिल्लं मोठी व्हायच्या आत विकली, असं सांगू? एक गोष्ट तरी शेवटपर्यंत करून दाखव. मग मी बोलते पप्पांशी."

माझं डोकं तापायला एवढं पुष्कळ होतं. "तू जितके दिवस चालशील तितके दिवस मी इथं चालतो. तुझ्या गावात येऊनच थांबतो. वाटेत एकदा जरी कुणाच्या गाडीवर बसलो तर माझं नाव बदल."

"नाव कशाला बदलू? एकदा जरी बसलास तर पप्पांनी आणलेलं स्थळ बघते. बोल."

बोललो. आता सरळ वाटेनं पिंपळवंडी एका दिवसात उरकली असती, म्हणून वळसा.

निघालो ते पितृपंधरवड्यात. आई म्हणाली, "पितरं चाललीत. या दिवसांत माणूस नवी चप्पल पायात घालत नाही आणि तू पोरीसाठी निघालास?" म्हणून जुनेच बूट घातले. उजव्याचा तळ आधीच बोलायला लागला होता.

आता या ट्रिपमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. ऋतुजानं फोटो पाठवला होता. तिकडं झाडांवर, दगडांवर नारिंगी रंगाच्या खुणा असतात. खूण दिसली की समजायचं, वाट बरोबर आहे. नकाशा नको, विचारपूस नको. मला ते फार आवडलं. वाटलं, आपल्याकडं पण अशी वाट पाहिजे. मी चाललेली. पुढं लोक त्या खुणांवरून चालतील. नावसुद्धा ठरवलं होतं, ते इथं सांगत नाही, तुम्ही ओळखलंच असेल. कळंबला हार्डवेअरच्या दुकानात ऑइल पेंटचा छोटा डबा आणि ब्रश घेतला.

दुकानदार म्हणाला, "कुठल्या देवळाचं काम काढलं?"

"देऊळ नाही. ट्रेल."

"हे कुठं आलं?"

"व्हायचंय अजून."

त्यानं सुटे पैसे देताना माझ्याकडं असं पाहिलं की तिथंच शहाणा झालो असतो तर पुढचं टळलं असतं.

घोडेगावच्या वाटेला लागलो आणि पहिल्या तासात एक गोष्ट कळली. स्वीडनमध्ये चालणं हा छंद असेल, आपल्याकडं तो बिघाड आहे. चालणारा माणूस दिसला की गाडी थांबते. पहिला विचारतो पेट्रोल संपलं का. दुसरा विचारतो घरी भांडण झालं का. तिसरा काहीच विचारत नाही. मागच्या सीटवरची पिशवी पुढं घेतो आणि गाडी चालू ठेवून वाट बघतो. हा तिसरा सगळ्यात अवघड. त्याला नाही म्हणायचं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठायचं.

मोपेडवर घासाचा भारा घेऊन एक आजोबा थांबले. "बसा पावणं. भाऱ्यावर बसा, मऊ हाय."

"नको बाबा, चालतोय."

"आवं पन कशाला?"

"असंच."

"आसंच कोन चालतं व्हय? म्हसरंबी आसंच चालत न्हाईत."

मी जरा चढ्या आवाजात सांगितलं की माझे पाय आहेत, मी चालीन. आजोबांना राग आला नाही. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं, मग बुटांकडं पाहिलं आणि भाऱ्यातनं दोन काकड्या काढून हातात दिल्या. शेवटी कंटाळून मी नवस आहे म्हणून सांगायला लागलो. त्यानं थोडा फरक पडला. गाड्या तेवढ्याच थांबायच्या, पण लोक हात जोडून केळी देऊन जायचे. संध्याकाळपर्यंत सॅकमध्ये कपडे कमी आणि केळी जास्त. त्याच वेळी ऋतुजाचा व्हॉइस मेसेज आला. "अरे, इथं इतकं शांत आहे ना! सकाळपासून एक माणूस भेटला. 'हेय' म्हणाला आणि गेला." मला त्या देशाचा पहिल्यांदा हेवा वाटला.

तिकडं म्हणे वाटेवर मुक्कामाला लाकडी आडोसे असतात. तीन बाजूंनी भिंत, चौथी उघडी, कुणीही फुकट टेकावं. याचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते. बंधूंनो, आपल्याकडं त्याला एसटीचा निवारा म्हणतात. तीन भिंती, चौथी उघडी, फुकट. वर आतल्या भिंतींवर तालुक्यातल्या समस्त प्रेमप्रकरणांची माहिती आणि बोअरवेलवाल्याची जाहिरात. दुपारच्या उन्हात मी प्रत्येक निवाऱ्यात टेकलो. एसटीची वाट बघणाऱ्या बाया सरकून जागा देतात आणि मग कुणाचा, कुठला, लग्न झालं का, हे विचारून घेतात. तेवढं एक स्वीडनमध्ये नसावं.

घोडेगावच्या अलीकडं मी एक प्रयोग केला. तिकडं कायदाच आहे की कुणाच्याही रानातून कुणीही चालत जावं, नुकसान केलं नाही म्हणजे झालं. मला वाटेचा वळसा वाचवायचा होता, म्हणून एका कांद्याच्या रोपवाटिकेच्या कडेनं बांधावरून शिरलो. अर्ध्या बांधावर हाक आली.

"ओ! कुनाला इचारून?"

"बांधावरूनच चाललोय. रोपाला धक्का नाही लावला."

"बांध कुनाचा हाय?"

मी त्यांना तो कायदा सांगितला. ते दोन्ही हात कमरेवर ठेवून शांतपणे सगळं ऐकून घेत होते.

"झालं सांगून? मंग तिकडं जाऊन चाल. हितं या बांधावरनं माझा सख्खा भाऊ गेला नाय आज धा वर्षं. तू कोन?"

माझ्याही तोंडात उत्तर आलं होतं, चांगलं खणखणीत. तेवढ्यात घरातनं बाईचा आवाज आला, "आवो, त्यांना बोलवा की! एक पान कमी पडतंय!"

त्यांच्याकडं म्हाळ होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पितृपंधरवड्यात घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं जेवण असतं आणि पाहुण्यांना त्यांच्या जागी बसवून जेवू घालतात. ठरलेला एक जण आला नव्हता. क्षणापूर्वी बांधावरून हुसकणारा माणूस आता माझ्या कपाळाला गंध लावत होता. "आमच्या चुलत्याच्या जागी बसा." खीर, वडे, भजी, आळूवडी, गवार, डांगराची भाजी, कढी. मी पोट फुटेस्तोवर जेवलो. हात धुताना चुलत्याच्या नात्यानं विचारलं, "मग आता बांधावरून जाऊ का?"

"जा," ते म्हणाले. "तुमाला कोन आडिवनार?"

टीप लिहून घ्या : या भागात चालायचं तर पितृपंधरवड्यात चाला. डिंभ्यापर्यंत मी दोन घरांचा चुलता आणि एका घरचा पणजोबा झालो. जेवणाचा खर्च नाही. चहाचे दहा रुपये, तेही कुणी घेतले तर. ऋतुजा तिकडं पाकिटात गरम पाणी ओतून वीस मिनिटं वाट बघत होती.

डिंभे धरण डावीकडं ठेवून वाट डोंगराला लागते. पाणी काठोकाठ होतं. वर भातखाचरं हिरवीगार आणि उतारावर नाचणी. गाड्या कमी झाल्या, लिफ्टवाले कमी झाले, आणि मी पहिल्यांदा चाललो असं वाटलं. पायवाटेला जिथं जिथं फाटा फुटला तिथं दगडावर एक नारिंगी ठिपका काढला. चांगला वाटीएवढा, सुबक. मोठ्या फाट्यावर एक उभा काळा दगड होता, त्यावर जरा मन लावून काढला. रात्रीला वरच्या वाडीत एका घरी थांबलो. नाचणीची भाकरी, लसणाची चटणी, वरईचा भात. घरातल्या काकांनी नवसाबद्दल काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "पाय गरम पान्यात ठेवा, नायतर उद्या नवस तुमाला फेडील."

सकाळी निघालो आणि लक्षात आलं, पाण्याची बाटली त्या फाट्यावरच राहिली. परत खाली आलो. माझ्या काळ्या दगडापुढं दोन बाया आणि एक म्हातारा उभे. दगडावर झेंडूची दोन फुलं. खाली नारळ फोडलेला, उदबत्ती लावलेली. माझी बाटली कुणीतरी तांब्यासारखी बाजूला ठेवलेली.

"काय झालं इथं?"

"काल न्हवता," म्हातारा हळू आवाजात म्हणाला. "सांजंला ही पोरगी सरपान घिऊन आली तवा दिसला. देव परगटलाय."

मी त्या ठिपक्याकडं पाहिलं. ब्रशचा एक केस अजून त्यात अडकला होता. "अहो, तो रंग आहे. मीच..."

"पायातलं काढा आदी," एक बाई म्हणाली.

मी बूट काढले. काय करणार? आपल्याकडं नारिंगी दगड दिसला की त्याचा एकच अर्थ. दुकानदारानं तो पहिल्याच दिवशी सांगितला होता, मी ऐकला नाही. मला खोबऱ्याचा तुकडा मिळाला. बाटली मागायची हिंमत झाली नाही, कारण एव्हाना तिच्यातलं पाणी म्हातारा तीर्थ म्हणून देत होता. ऋतुजाला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "तू तिकडं नेमकं काय करतोयस???" तीन प्रश्नचिन्हं. म्हणजे ती प्रभावित झाली होती.

डोंगर ओलांडून मीना नदीच्या खोऱ्यात उतरलो आणि जुन्नरची वाट धरली. इथं खुणांची गरज नव्हती. आमच्या भागातल्या एका भाऊंचा वाढदिवस झाला होता आणि प्रत्येक चौकात त्यांचा फ्लेक्स होता. भाऊ सगळ्या फ्लेक्सवर एकाच पोझमध्ये, उजवा हात पुढं करून. योगायोगानं तो हात बरोबर जुन्नरकडं होता. भाऊंच्या बोटावर विश्वास ठेवून चालणारा मतदारसंघात मी पहिलाच असेन, पण पोचलो. एका ठिकाणी वाऱ्यानं फ्लेक्स फिरला होता, तिथं चुकलो आणि तासभर एका खडीक्रशरकडं चालत गेलो. जुन्नरला शिवनेरी समोर दिसायला लागला तेव्हा अंगात जोर आला आणि उजव्या बुटाचा तळ निघाला. एसटी स्टँडजवळच्या चांभारदादानं तो शिवला. मी गाडीवर का जात नाही, हे त्यानं विचारलं नाही. धंदा कळतो त्याला.

जुन्नरहून नारायणगाव म्हणजे टोमॅटोच्या पिकअपांची रांग. त्यातल्या प्रत्येकानं मला क्रेटवर बसायला सांगितलं. एकानं तर दार उघडून हात धरून ओढलं. मी हात झटकला, तो भडकला, मी भडकलो, मागं रांग लागली, हॉर्न वाजले. शेवटी मी नवस म्हटलं. तो म्हणाला, "आदी सांगायचं ना राव," आणि पाया पडून गेला. नारायणगावात मिसळ खाल्ली, संध्याकाळी मासवडी आणि रस्सा. पितृपंधरवड्यात हॉटेलात खाणारा मी एकटाच होतो, वेटरनं दयेनं जास्तीची भाकरी आणली.

आता बोरी बुद्रुक. माझ्या वाटेत ते येत नव्हतं. पण ऋतुजानं तिकडच्या कुठल्याशा जुन्या दगडांचे फोटो पाठवले होते, हजारो वर्षांपूर्वीचे म्हणून. मला हे सहन होईना. बोरीला कुकडीच्या काठी ज्वालामुखीची राख सापडते, कुठल्या तरी समुद्रापलीकडच्या बेटावरून उडून आलेली, माणूस दगड घासत होता त्या काळातली. म्हणून वाट वाकडी केली. नदीकाठी पोचलो, राख पाहिली. राखेसारखी दिसते. शेजारी म्हशी धुणारे एक गृहस्थ म्हणाले, "लई लांबलांबनं लोक येत्यात हिच्यासाठी. आमच्या चुलीतली कोन बघायला येत नाय." मी फोटो काढला, बांधावरच्या दगडावर ठिपका काढला, खाली छोटा बाण काढला आणि पिंपळवंडीच्या दिशेनं शिवारातून निघालो.

मागं वळून पाहायला हवं होतं. पाहिलं असतं तर दिसलं असतं की ते गृहस्थ म्हशी तशाच सोडून माझा फोटो काढत होते.

हा शेवटचा टप्पा होता. ऋतुजाचाही तिकडं शेवटचाच. दोन्ही बाजूंनी ऊस, डोक्याच्या वर गेलेला, मध्ये गाडीवाट. सूर्य कलला होता. पिंपळवंडीची हद्द लागली तेव्हा छाती भरून आली. वाटेत एक नवी विहीर लागली. कठडा ताज्या सिमेंटचा, गुळगुळीत. हात शिवशिवले. शेवटचा ठिपका म्हणून सगळ्यात मोठा काढला, बाणासकट, आणि डब्यातला रंग संपवला.

थोडं पुढं गेलो असेन, मागून मोटरसायकल आली आणि माझ्या आडवी थांबली. गडी दांडगा, पांढरी टोपी, भरघोस मिशी. ती मिशी मी ओळखली. ऋतुजाच्या फोनच्या वॉलपेपरवर होती. तिचे वडील. गावात त्यांना आण्णा म्हणतात.

"नमस्कार सायेब," आण्णा म्हणाले. "बसा."

"नको. चालतो मी."

"तुमीच ना ते? ग्रुपवर फोटो आलाय तुमचा." त्यांनी फोन पुढं केला. पाठमोरा मी, हातात डबा, बांधावर वाकलेला. खाली लिहिलेलं : 'नव्या रेल्वे लाइनीचा सर्व्हेवाला शिवारात फिरतोय. दगडावर खुणा करतोय. सावध.'

"मी सर्व्हेवाला नाही."

"समदे आसंच म्हनत्यात. माझ्या हिरीवर खूण केली तुमी. हे बघा." त्यांनी अंगठा दाखवला. नारिंगी. ओला. "औंदा बांधलीय सायेब ती. घरी चला, चहा घेऊ, नकाशा दावा. लाइन दोन कासरं तिकडं सरकती का बघू. बसा."

"मला चालायचंय."

"माझ्या गाडीला काय झालं?"

अहो, काय सांगू! होणाऱ्या सासऱ्याची गाडी, सासरा स्वतः बसा म्हणतोय, गाव हाकेवर. बसलो तर हरलो. नाही बसलो तर आयुष्यभर लक्षात राहील असा अपमान. मी हात जोडले आणि चालायला लागलो. वाटलं, चिडून निघून जातील.

इंजिन बंद झालं. आण्णा खाली उतरले आणि गाडी ढकलत माझ्या बरोबरीनं चालायला लागले.

"तुम्ही का ढकलताय?"

"पावणं चालनार, आन आमी गाडीवर बसनार? आशी रीत नाय आमच्यात." थोडं चालून त्यांना धाप लागली. "नवस हाय का काय?"

नवस म्हटलं असतं तर सुटलो असतो. सगळ्यांना तेच सांगत आलो होतो. पण ते विहिरीचा रंग लागलेला अंगठा घेऊन गाडी ढकलत होते आणि मला ते तोंडातून निघेना. "नवस नाही," मी म्हटलं. "एका पोरीनं सांगितलंय, एक तरी गोष्ट शेवटपर्यंत करून दाखव. कुणाच्या गाडीवर बसायचं नाही, चालत यायचं. तो रंग वाट दाखवायचा आहे. तुमची विहीर कुठं जात नाही."

आण्णा उभेच राहिले. मग हसायला लागले, असे की गाडी कलली. "आरं तिच्या मारी! पोरीसाठी? आन समदा गाव घाबरवलास? कुठली रं पोरगी?"

"पिंपळवंडीची."

"आमची? मंग सांग की कुनाची! समद्यांना वळखतो मी. मीच बोलतो तिच्या बापाशी, काळजी करू नको."

मी सॅकचा पट्टा आवळला.

"आसती कुठं ती? पुन्याला?"

"स्वीडनला."

पिंपळवंडीतून स्वीडनला एकच पोरगी गेलीय. आण्णांचं हसणं चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं, आतून मात्र कुणी तरी दिवा घालवला. उसाची पानं सळसळत होती. त्यांनी गाडीवर टांग टाकली, किक मारली. मी म्हटलं, संपलं. जातील, मी पोचेन, आणि दारातून परत येईन.

गाडी पुढं गेली नाही. पहिल्या गिअरमध्ये माझ्या मागं आली. हेडलाइट माझ्या पाठीवर.

"चाल."

"आण्णा, मी..."

"चाल म्हनतो ना! राग आलाय मला. लई आलाय. पन या उसात बिबट्या हाय, परवा शेळी नेली. तुझं काय करायचं त्ये घरी बघू."

मी पुढं, माझी लांबच लांब सावली माझ्याही पुढं, मागं आण्णा हेडलाइट लावून. असे आम्ही गावात शिरलो. पारावरची मंडळी उठून उभी राहिली.

"आण्णा, सर्व्हेवाला घावला व्हय?"

"बांधून आनायचा की!"

एक जण ओरडला, "आवो, वरात हाय का ही?" आण्णांनी हॉर्नवर हात ठेवला तो घर येईपर्यंत काढला नाही.

घरी ऋतुजाच्या आईनं पाणी दिलं. त्यांना काही माहीत नव्हतं, म्हणून प्रेमानं दिलं. आण्णांनी टोपी काढली, खुर्चीत बसले आणि लेकीला व्हिडिओ कॉल लावला. फोन माझ्याकडं फिरवला. "ह्यो कोन?"

पलीकडं ऋतुजा. मागं काच, काचेतून झाडं सरकत होती.

"पप्पा," ती म्हणाली, "मी सांगणारच होते. तो पूर्ण चालत आला तर सांगणार होते."

"आलाय."

"पूर्ण? तो फेकत असेल पप्पा. कुणाच्या तरी गाडीवर बसलाच असेल."

"न्हाई," आण्णा म्हणाले. आवाज तसाच रागीट. "मी सोता बसा म्हनलं. दोनदा. न्हाई बसला. हिरीपासनं मागं व्हतो मी." मग ते फोनजवळ वाकले. "आन तू कुठंयस? झाडं का पळत्यात मागं?"

तिनं फोन तोंडाजवळ घेतला.

"ऋतू?"

"बसमध्ये, पप्पा. पाय खूप दुखत होते. शेवटचा टप्पाच फक्त."

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं. त्यांच्या मिशीला काहीतरी झालं, पण त्यांनी लगेच तोंडावरून हात फिरवला. "पितरं चाललीत," ते म्हणाले. "या दिवसांत आसल्या गोष्टी बोलत नसत्यात." आणि फोन ठेवला.

रात्री ओसरीवर अंथरूण मिळालं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरी म्हाळ निघाला, आणि एक पान कमी पडलं. तुम्हाला वाटेल मी जुळवून सांगतोय. आण्णांनी मला त्यांच्या वडिलांच्या पाटावर बसवलं, कपाळाला गंध लावलं, हात जोडले. पाहुणे विचारत होते, हा कोण. आण्णा म्हणाले, "आज आमचं वडील." जावई व्हायला आलो होतो, थेट आजेसासरा होऊन जेवलो. खीर दोनदा घेतली.

जेवणानंतर आण्णांनी गाडीतनं बाटलीत पेट्रोल काढलं, चिंधी दिली आणि विहिरीवर नेलं. "पूस." मी घासलं. बाण गेला. ठिपक्याचा रंग सिमेंटच्या छिद्रांत बसला होता, फिका झाला पण जाईना. मी आणखी पेट्रोल मागितलं.

"ऱ्हाऊ दे तेवढा," आण्णा म्हणाले, आणि गाडी चालू केली. "स्टँडवर सोडतो. आता तरी बसशील का?"

बसलो. सगळ्या ट्रिपमधली पहिली लिफ्ट. आण्णांनी गाडी हायवेला घेतली. नारायणगावच्या अलीकडं, मागं न बघता म्हणाले, "कालेज किती ऱ्हायलंय?"

"दीड वर्ष."

त्यांनी एका ट्रकला ओव्हरटेक केलं. मग म्हणाले, "चालत गेलं तरी व्हईल की."

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. काय उरलं, ते सांगतो. उजव्या अंगठ्याचं नख गेलं. डोंगरातल्या देवाला पत्र्याचं छप्पर बसतंय, वर्गणीसाठी माझ्यापर्यंत फोन आला, मी दिली. ग्रुपवरचा तो फोटो अजून फिरतोय, अनोळखी माणसं फोन करून विचारतात, साहेब, लाइन आमच्या वावरातून जाते का? पितृपक्ष संपला, घट बसले, उठले. पिंपळवंडीचा फोन आलेला नाही. पण तिकडून कुणी स्थळ बघायलाही गेलं नाही, हे ऋतुजानं सांगितलं. बसचा विषय काढला की ती नेटवर्क नाही म्हणते. कॉलेजातल्या त्या सरांची बदली झाली नाही. मी चौकशी केली.

काल आईनं कोथिंबीर आणायला पाठवलं. गाडी दारात होती, किल्ली हातात होती. मी चालतच निघालो. नाक्यावर शेजारच्या नानांनी गाडी थांबवली, मागची पिशवी पुढं घेतली.

"काय रं, पेट्रोल संपलं का?"

"नाही नाना," मी म्हटलं, "दीड वर्ष राहिलंय."